कान्हेरी : "सगळी लेणी सारखीच" असं वाटून परत आलो. काय बघायचं राहिलं?

कडीकुलूप (धागाकर्ता)

मे महिन्यातल्या एका रविवारी आम्ही चौघं (मी, बायको, दहा वर्षांची लेक आणि आई) संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात गेलो होतो. मी शाळेच्या सहलीला एकदा कान्हेरी पाहिली होती, पण त्यातलं कोणत्या पायरीवर बसून डबा खाल्ला एवढंच लक्षात होतं. म्हटलं, आता नीट बघू.

गेटवर तिकीट, मग आतली बस, मग वर लेण्यांपाशी पुरातत्त्व खात्याचं वेगळं तिकीट. तीन नंबरचं मोठं चैत्यगृह (म्हणजे स्तूप असलेलं प्रार्थनेचं दालन) बघून खरंच थक्क झालो. ओसरीच्या दोन टोकांना ते दोन उभे बुद्ध, तीन माणसं एकावर एक उभी केली तरी डोक्यापर्यंत हात पोचायचा नाही. पण त्यानंतर? एक खोली, एक ओटा, एक दार. पुढचं लेणं : एक खोली, एक ओटा, एक दार. सातव्या लेण्यात लेक म्हणाली, "बाबा, हे तर तेच आहे." माझ्याकडे उत्तर नव्हतं. एका गृहस्थांनी सांगितलं की वरच्या एका लेण्यातून भुयार निघतं ते थेट ठाण्याला जातं. तेवढ्यापुरती तिची कळी खुलली, पण भुयार काही सापडलं नाही. आई खाली पायऱ्यांवर बसली होती, तिची पिशवी माकडाने पळवली. बाराच्या उन्हात खाली उतरलो.

घरी आल्यावर लेकीला विचारलं, सगळ्यात जास्त काय आवडलं? म्हणाली, "माकड."

पाऊस पडला की परत जायचं ठरवतोय. काय बघायचं, कसं बघायचं, जाणकारांनी सांगावं. लेणी नुसती मोजायची नाहीत.

ढोली

शंभराच्या वर लेणी आहेत हो तिथे. सात बघून सारखी वाटली म्हणजे इमारतीचा पहिला मजला बघून लिफ्टने खाली यायचं.

कडीकुलूप

@ढोली, मान्य. पण आठव्यात काय वेगळं आहे ते सांगा ना.

शिलालेखवेडा

कडीकुलूप, तुम्ही लेण्यांत आत बघितलंत. पुढच्या वेळी आत जाऊ नका, अंगणात थांबा आणि पायाशी बघा.

जवळजवळ प्रत्येक लेण्याच्या अंगणात, एका बाजूला, जमिनीलगत चौकोनी तोंड असतं. आत कातळात खोदलेलं टाकं. शिलालेखांत त्याला 'पोढी' म्हटलंय. आता मान वर करा. लेण्याच्या कपाळावर, दर्शनी भागाच्या वर, कातळात तिरप्या पन्हळी कोरलेल्या दिसतील. डोंगरावर पडलेलं पाणी ओसरीत न सांडता बाजूने वळून त्या पोढीत उतरावं म्हणून. कुठे एका टाक्यातून दुसऱ्या टाक्यात, कुठे पायऱ्यांच्या कडेने. घळीत वरच्या बाजूला एका जुन्या बांधाचे अवशेष आहेत. म्हणजे प्रत्येक घराचं आपलं पाणी होतं आणि वर सगळ्या वस्तीचा मिळून साठाही होता. इसवी सनाच्या आधीच्या शतकापासून पुढे हजारेक वर्षं इथे माणसं राहिली. कोकणातला चार महिन्यांचा पाऊस आठ महिने पुरवायचा तर हे करावंच लागतं. खोल्या सारख्या वाटतात कारण भिक्षूला लागायचंच तेवढं. निजायला ओटा, वस्तू ठेवायला कोनाडा. सगळी अक्कल आणि खर्च पाण्यावर झालाय.

आणि हे पाणी दिलं कुणी? कल्याणच्या एका सोनाराने पोढी दिली, तसा लेख आहे. चेमुल म्हणजे चौलच्या माणसांची दानं आहेत, सोपाऱ्याच्या लोकांची आहेत. कल्याणच्या नंद नावाच्या लोहाराने तर पायवाट करून दिली. मला हा लोहार फार आवडतो. ना मूर्ती, ना चैत्य, नुसती वाट. चढताना दम लागला की त्याची आठवण काढतो.

बोरिवलीकरांसाठी खास : एका लेखात भिक्षूंच्या वस्त्रांच्या खर्चासाठी एक शेत लावून दिलंय. ते शेत 'मंगलठाण' गावातलं. म्हणजे आपलं मागाठाणे. आज तिथे शेत शोधायला जाऊ नका.

सायकलपंप

मागाठाणे!! रोज त्या डेपोवरून जातो राव. अंगावर काटा आला.

तिसरीघंटा

शिलालेखवेडे, पाच नंबरच्या लेण्याजवळच्या टाक्याचं राहिलं. ते तुमच्याकडूनच ऐकायचं आहे.

शिलालेखवेडा

@तिसरीघंटा, त्याला वेगळा प्रतिसाद हवा म्हणून मुद्दाम ठेवलं होतं.

पाच क्रमांकाच्या लेण्यापाशी एका पोढीवर तुटका लेख आहे. शतेरक नावाच्या अमात्याने दिलेलं हे टाकं. पण लेखात राणीचा उल्लेख येतो : वासिष्ठीपुत्र सातकर्णी या सातवाहन राजाची राणी, कार्दमक राजांच्या म्हणजे पश्चिमेकडच्या क्षत्रपांच्या वंशातली, महाक्षत्रप (क्षत्रपांतला थोरला राजा) 'रु…' याची मुलगी. 'रु' नंतर दगड फुटलाय. अभ्यासक तिथे रुद्रदामन वाचतात.

आता हे जुनागढला नेऊन जोडा. तिथल्या इ. स. १५० च्या सुमाराच्या शिलालेखात रुद्रदामन फुशारकी मारतो की दक्षिणापथपती सातकर्णीला मी दोनदा हरवलं, पण नातं जवळचं म्हणून समूळ उखडलं नाही. कसलं नातं, ते तो सांगत नाही. ते सांगणारा दगड आपल्या बोरिवलीच्या जंगलात पाण्याच्या टाकीवर आहे. सातवाहन आणि क्षत्रप पिढ्यान् पिढ्या एकमेकांशी लढले, त्या वैरातली सोयरीक एका टाक्यामुळे कळली. तो सातकर्णी नेमका हाच का, यावर अभ्यासकांचे वाद आहेत, ते चालू राहोत. आणखी गंमत म्हणजे हा लेख संस्कृतात आहे. सातवाहन काळातले बाकीचे लेख बहुतेक प्राकृतात. सूनबाई माहेरची भाषा घेऊन आल्या की काय, असं मला उगीच वाटतं. हा माझा कल्पनाविलास, कुठे उद्धृत करू नये.

मावळतीची उन्हं

भुयाराबद्दल. सोळाव्या शतकातला पोर्तुगीज इतिहासकार दियोगो दो कोतो यानेही हीच गोष्ट लिहून ठेवली आहे. त्याच्या वेळी ते भुयार पार गुजरातेत खंबायतपर्यंत जायचं. एक पाद्री माणसं घेऊन आत शिरला, सात दिवस चालला आणि अंत लागेना म्हणून परत आला. चारशे वर्षांत खंबायतचं ठाण्यावर आलं म्हणजे बरंच आखूड झालं म्हणायचं. अजून शंभर वर्षांनी मागाठाण्याला येईल.

पोर्तुगीजांनी तीन नंबरच्या चैत्याचंच चर्च केलं होतं, हे मात्र दंतकथेत नाही, खरंच. पलीकडे मंडपेश्वरच्या शैव लेण्यांचंही तेच.

ढोली

भुयाराच्या अंतराला महागाई उलटी लागलेली दिसते.

पाचोळा

इतका वेळ दगडांवरच चाललंय, जंगलाबद्दल कुणी बोलेना, म्हणून मी येते मध्ये. पंधराएक वर्षं मी इथे लोकांना पायवाटांवर घेऊन जाते आहे.

लेणी आणि जंगल वेगळं काढून बघता येत नाही हो. सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं हे रान, दोन जिल्ह्यांत पसरलेलं, तिन्ही बाजूंनी शहराने आवळलेलं. ते अजून रान आहे याचं मोठं कारणही पाणीच. इंग्रजांनी मुंबईला पाणी पाजायला १८६० मध्ये विहार आणि १८७९ मध्ये तुळशी तलाव बांधला, आणि पाणलोटातलं जंगल राखणं भाग पडलं. मुंबईला नळाने पहिलं पाणी आलं ते विहारचं. तुळशीच्या बाजूने दहिसर नदी निघते, विहारच्या सांडव्यातून मिठी. भिक्षूंनी डोंगराचं पाणी टाक्यात वळवलं, साहेबाने तलावात. डोंगर तोच. (दोन्ही तलावांकाठी सहलीला जाता येत नाही, विचारायच्या आधीच सांगते.)

कडीकुलूपदादा, लेकीला शिलोंड्याच्या वाटेवर न्या. तिथे आपल्या आपण जाता येत नाही, परवानगी आणि सोबत माहीतगार माणूस लागतो. उद्यानाच्या निसर्ग माहिती केंद्रातर्फे फेऱ्या निघतात, त्यात नाव घाला. ओढ्याकाठची वाट आहे, लहान मुलांना झेपते. पहिल्या पावसानंतर खेकडे, कोळ्यांची जाळी आणि बेडूक बघायला मिळतात. वाघ-सिंहांची पिंजऱ्याच्या गाडीतली सफारी मुलांना आवडते, पण ते प्राणी इथले मोकळे नव्हेत, हे तिला आधी सांगा. इथला खरा मालक बिबट्या. तो तुम्हाला बघतो, तुम्हाला तो दिसत नाही.

आणि कारवी! आठ वर्षांतून एकदा फुलते. २०१६ ला फुलली होती, मग २०२४ ला. उतारच्या उतार जांभळे. एरवी ज्या काटक्यांकडे कुणी ढुंकून बघत नाही त्याच. पाड्यांवर याच कारवीच्या काठ्यांचे कुड घालून वर शेणमाती लिंपतात.

निवांत

बिबट्याचं वाचून आई म्हणते जायचं नाही. काय सांगू तिला?

पाचोळा

दिवसा, रुळलेल्या वाटेवर, घोळक्याने. मुलांना पुढे पळू द्यायचं नाही, मागेही राहू द्यायचं नाही. झुडपापाशी एकट्याने ओणवं बसायचं नाही. समोर आलाच तर पाठ फिरवून पळू नका, मुलाला उचलून घ्या, ताठ उभं राहून सावकाश मागे सरका. इतक्या वर्षांत मला दिसला तो दोनदा, तोही जाताना. आत वारली लोकांचे पाडे आहेत, नवापाडा, रावणपाडा, तुमणीपाडा. ते वाघोबाला पूजतात आणि त्याच्या शेजारी पिढ्यान् पिढ्या राहतात. आईंना म्हणावं, हायवे ओलांडणं जास्त धोक्याचं.

सायकलपंप

माझं स्पष्ट मत : आत एकही गाडी नको, बससुद्धा नको. गेटपासून लेण्यांपर्यंत सहा-सात किलोमीटर रस्ता आहे. चालत जा नाहीतर सायकलने जा. सायकल घेऊन गेलं तर रस्त्यात हरणं दिसतात, नदीचा आवाज येतो. बसमधून काय दिसतं? पुढच्या सीटवरच्या माणसाचा मोबाईल. जे चालू शकत नाहीत त्यांनी खालच्या बागेत बसावं.

निवांत

सायकलपंप, तुमचे गुडघे असेच राहोत अशी सदिच्छा. माझ्या आईने एकाहत्तराव्या वर्षी आयुष्यात पहिल्यांदा तो मोठा बुद्ध पाहिला, बस होती म्हणून. खाली उतरल्यावर अर्धा तास काही बोलली नाही. तिने खालच्या बागेत बसायला हवं होतं का?

सायकलपंप

तसं म्हणायचं नव्हतं.

निवांत

तसंच लिहिलंय.

मावळतीची उन्हं

अरे भांडू नका. जंगलातल्या गोंगाटाचं बोलायचं तर बसपेक्षा मला माणसांचाच त्रास जास्त झालाय. मागच्या श्रावणात तीस-चाळीस जणांचा एक ट्रेकिंगवाला गट भेटला. चैत्यगृहात शिरले आणि घुमणारा आवाज सापडल्यावर प्रत्येकाने एकेकदा ओरडून बघितलं. प्रत्येकाने! त्यांचा म्होरक्या व्हिडिओ काढत होता. मी म्हाताऱ्या माणसाने काही बोलायचं तर "काका, एन्जॉय करा ना." त्याच जागी एक दिवस सकाळी मी एकटा उभा होतो, फक्त पारव्यांच्या पंखांचा आवाज. चौतीस खांबांमधून तो आवाज फिरून परत येतो.

सायकलपंप

काका, +१. निवांतताई, बसचं मागे घेतो. पण खाजगी गाड्यांबद्दल मात्र ठाम आहे.

निवांत

गाड्यांबद्दल माझंही तेच मत आहे. आणि मी ताई नाही, दादा आहे.

ढोली

भिंतींवर 'अमुक लव्ह तमुक' कोरणाऱ्यांचं काय करायचं?

शिलालेखवेडा

ढोली, हा जुना रोग आहे. नव्वद क्रमांकाच्या लेण्यात पहलवी या जुन्या इराणी लिपीतले लेख आहेत, इ. स. १००९ आणि १०२१ चे. पारशी मंडळी इथे येऊन गेली आणि त्यांनी आपली, बापाची, सोबत्यांची नावं, तारखेसकट कोरून ठेवली. देवाणघेवाण नाही, दान नाही. 'आम्ही आलो होतो' एवढंच.

ढोली

म्हणजे तेही नाव कोरणारेच!

शिलालेखवेडा

होय, पण पश्चिम किनाऱ्यावरच्या पारशांचा इतका जुना तारीखवार पुरावा म्हणून आज आपण त्या दगडाला हात लावायला घाबरतो. हजार वर्षांनी 'अमुक लव्ह तमुक' वर कुणी पीएचडी करील, ही पळवाट कृपया वापरू नये. तेव्हा तिथे राखणदार नव्हता, आज आहे आणि कायदाही आहे.

राष्ट्रकूट अमोघवर्षाच्या काळातला, शिलाहार मांडलिकाच्या वेळचा एक दानलेखही बघा. त्यात दात्याने पैसे कशावर खर्चायचे ते फोडून सांगितलंय. वीस द्रम्म (तेव्हाचं नाणं) बुद्धाच्या पूजेला, तीन विहाराच्या डागडुजीला, पाच वस्त्रांना आणि एक पुस्तकांना.

तिसरीघंटा

पुस्तकांना एक. आमच्या सोसायटीच्या वार्षिक अंदाजपत्रकाची परंपरा एवढी जुनी आहे हे ठाऊक नव्हतं.

वाचनखूण

सुंदर धागा. साठवून ठेवलाय. पुढच्या आठवड्यात रजा आहे, गर्दी टाळून मधल्या वारी जाऊन येतो.

कडीकुलूप

दीड महिन्याने धागा वर काढतोय. काल जाऊन आलो.

रात्रभर पाऊस झाला होता, सकाळी रिपरिप. आई म्हणाली मीही येणार, मागच्या वेळची पिशवी वसूल करायची आहे. या वेळी बसने वर गेलो आणि चैत्यापाशी अजिबात थांबलो नाही, सरळ अंगणं बघत निघालो.

शिलालेखवेडे, तुमच्या पन्हळी. मेमध्ये मी त्यांच्याकडे बघितलंही नव्हतं, दगडावरचे ओरखडे वाटले असतील. काल त्या चालू होत्या! छपराच्या वर पाणी येतं, पन्हळीला लागतं, ओसरीवरून न पडता कडेला जातं आणि टाक्याच्या तोंडात बुडबुड करत उतरतं. दीड-दोन हजार वर्षं कुणी दुरुस्तीला आलं नसेल. आमच्या इमारतीच्या गच्चीचं वॉटरप्रूफिंग तीन वर्षांत दोनदा झालंय.

लेकीने आपणहून खेळ काढला. पानं पन्हळीत सोडायची आणि कोणत्या टाक्यात निघतात ते बघायचं. सातव्या लेण्याशी "तेच आहे" म्हणणारी मुलगी काल एकविसाव्या लेण्यापाशी मला म्हणाली, "इथली पन्हळ तुटलीये, म्हणून ओसरी ओली आहे." खरंच तुटली होती. काही टाक्यांमध्ये वेफर्सची पाकिटं तरंगत होती. तिने मोजली, अकरा. काढायला हात पोचला नाही.

अकरा नंबरच्या लेण्यात, ज्याला दरबार म्हणतात, दोन लांब ठेंगणे ओटे आहेत. त्यांच्यावर वाकून मुलं शिकत असतील असं बायको म्हणाली. एक्केचाळीसमध्ये अकरा तोंडांचा अवलोकितेश्वर (एक बोधिसत्त्व) सापडला, लेकीने तोंडं दोनदा मोजली आणि दहाच भरली म्हणून तिसऱ्यांदा मोजली. चौतीसच्या छतावर चित्राच्या नुसत्या रेषा उरल्यात. रंग भरायचा राहून गेलेला बुद्ध. ते बघून का कोण जाणे, मला पूर्ण मूर्तींपेक्षा जास्त वाटलं. हे काम अर्धं टाकून कोण उठून गेलं असेल?

आई चैत्याच्या पायऱ्यांवर, त्याच जागी, बसून होती. तिला पाच नंबरच्या टाक्याची गोष्ट सांगितली. राणी, माहेर, दोन वेळा हरलेला नवरा किंवा दीर, सगळं. ती म्हणाली, "एवढं सगळं झालं आणि तिचं नाव नाही का लिहिलं?" मी परत जाऊन फोनमधला फोटो वाढवून बघितला, जणू मला ब्राह्मी वाचता येते. शिलालेखवेडे, नाव आहे का?

शिलालेखवेडा

नाही. वंश आहे, नवरा आहे, बाप अर्धा आहे. टाकं देणाऱ्या अमात्याचं नाव आहे. जिच्यामुळे हा लेख इतिहासात गेला तिचं नाव शाबूत दगडात नाही. आईंना नमस्कार सांगा, इतकी वर्षं मी तो लेख वाचतोय, हा प्रश्न मला असा पडला नव्हता.

पाचोळा

पाकिटांसाठी : पुढच्या साफसफाईच्या फेरीला लांब दांड्याची जाळी घेऊन या, मी येतेच आहे. लेकीला आणा, कोणत्या टाक्यात किती, हे तिला माहीत आहे.

निवांत

पिशवी मिळाली का?

कडीकुलूप

नाही. पण माकड तेच होतं, असं आई शपथेवर सांगते.

वाचनखूण

मंडळी, अखेर रजा पदरात पडली. पाणी, छत्री, दुर्बीण, या धाग्याची छापील प्रत सगळं घेऊन आत्ता मुख्य गेटवर उभा आहे. गेट बंद आहे. रखवालदार हसतोय.

ढोली

आज वार कोणता?

वाचनखूण

सोमवार.

पाचोळा

अरे देवा. एवढ्या प्रतिसादांत ते लिहायचंच राहिलं.